दुपारी बिघडणारा टीव्ही

उटनूरच्या बसस्टँडवर मंजुषा चादरीत गुंडाळलेला टीव्ही मांडीवर धरून बसली होती. शेजारी तिची नणंद, रंजीता.

“काहीच बिघडला नव्हता. दुकानदार म्हणे, लेकराइसाठी टीव्हीले कुलूप रायते. नंबर टाकल्याबिगर चालत नाही.”

“दादानं पोराइसाठीच लावलं असंन, वहिनी.”

“पोरं हॉस्टेलात हायत! घरी एकटी मीच. पडद्यावर इंग्रजीत काहीबाही ये अन् चार आकडे मागे. मले वाटे, खराबी.”

“मंग तुमी दादाले इचारलं नाही?”

“इचारलं! म्हणे, तूच बिघडवतं, तुले अक्कल नाही. संध्याकाळी थो आला का टीव्ही चालू. वरसभर मी रिमोटले हात लावाले भेत होती.”

“तुमी दुपारी पाह्यत बससान तं कापूस कोन येचन, असं वाटलं असंन त्याले.”

“तं तोंडानं सांगावं! मले येडी काऊन ठरोलं?”

रंजीतानं चादरीची कड सारून टीव्हीच्या काळ्या पडद्याकडे पाहिलं.

“वहिनी, थे आकडे पडद्यावर कुठं येतेत?”

“मधोमध. काऊन वं?”

“आमचाबी टीव्ही दुपारीच बिघडते.”