लाइटवाल्याची एक्केचाळीस मिनिटं

दि. १३ मे २००६

माझं नाव मृणाली हिरामण केणे, वय १७ वर्षं, शिक्षण नववीतून सोडलं, काम व्हिडिओ मिक्सिंगच्या दुकानात, राहणार टेमघर, भिवंडी. मी आज आई ठकुबाईसोबत स्वतःहून पोलीस ठाण्यात येऊन सांगते की,

मी दोन वर्षांपासून कामतघरला रामनाथदादांच्या दुकानात कामाला आहे. दादा लग्नाची शूटिंग करतात. दुकानात दोन कॉम्प्युटर आहेत. खालच्यावर मी कॅसेटमधली शूटिंग उतरवून घेते. एक तासाची कॅसेट उतरायला एक तासच लागतो, तेवढा वेळ समोर बसून बघावं लागतं. मग कामाच्या फाइली हार्ड डिस्कवर टाकून माळ्यावरच्या कॉम्प्युटरला नेऊन लावते. तिथे दादा एडिटिंग करतात. गिऱ्हाइकांशी मी बोलत नाही, दादाच बोलतात.

दि. ६ मे, शनिवारी संध्याकाळी कोन गावात केसरीनाथ शेठच्या मुलाची हळद होती. शूटिंग दादांनी केली. हॅलोजन धरायला जिव्या होता. तो डोंगराकडच्या पाड्यावरचा आहे, सीझनला रोजावर येतो. मी तिथे नव्हते.

सोमवारी मी ती कॅसेट उतरवली. दादांनी जेवायला जाताना कॅमेरा खुर्चीवर ठेवला होता, पण रेकॉर्डिंग बंद करायला विसरले होते. त्यांचा आवाज येतो, "जिव्या, इथून हलू नको रं. कॅमेरा गेला तर तुला इकून पन भरून न्हाय निघनार." त्यानंतर एक्केचाळीस मिनिटं समोर जिव्याच आहे. वायरच्या गुंडाळीवर बसलेला. मागे धवलारीण लग्नाची गाणी म्हणते. हळद उडवणारी पोरं जवळ आली की तो उठून हात पसरतो, "ए, लांब, लांब! मशीन हाय!" एकदा काचेवर हळद उडाली ती त्याने शर्टाच्या टोकाने पुसली, तेव्हा त्याचं नाक एवढं मोठं दिसलं. मी हसले. त्याला जेवायला कोणी बोलावलं नाही. तो तिथून गेला नाही.

कॅसेट चालू असताना कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर शूटिंगची वेळ दिसते. ७.३१ ते ८.१२. कुठल्या फाइलमध्ये काय आहे ते मी वहीत लिहून ठेवते, तसं हेही लिहिलं.

मंगळवारी, ९ मेला सकाळी ११ वाजता फाइली माळ्यावर न्यायच्या होत्या. वरच्या कॉम्प्युटरमध्ये जागा थोडी होती. दादा बोलले, "घरातल्या मानसांची तोंडं ने. वाढपी, लाइटवाला, मंडपवाला, सगला कचरा उडव." ते नेहमी असंच सांगतात. एक्केचाळीस मिनिटांची फाइल मी नेली नाही. शिफ्ट दाबून डिलीट केली. तशी केली की परत आणता येत नाही. दुपारी दादा तीच कॅसेट दुसऱ्या गावच्या हळदीला घेऊन गेले. आता तिच्यावर त्या लोकांची हळद आहे.

त्याच संध्याकाळी जिव्याला पोलिसांनी नेलं. शेठच्या बायकोने हळदीच्या दिवशी पावणेआठला गंठण डब्यात घालून कपाटात ठेवलं आणि आठ वाजता डबा रिकामा मिळाला, पण लग्न पार पडेपर्यंत घरच्यांनी बाहेर सांगितलं नाही. लाइटची वायर लावायला जिव्या घरात आला होता म्हणून त्याचं नाव घेतलं. हे मला दादांनी सांगितलं. दादा तेव्हा पंगतीत होते. जिव्या कुठे होता ते मला माहीत नाही, असं त्यांनी पोलिसांना सांगितलं आहे.

मी दादांना बोलले, तो फाइलमध्ये होता. दादा बोलले, "होता ना? आता हाय का? मग? शेठच्या भावकीतली अजून तीन लग्नं आपल्याकडं हायेत. गप काम कर, बाय."

बुधवारी जिव्याची बायको सखी दुकानात आली. कडेवर पोर होतं. दादा बाहेर गेले होते. ती चप्पल काढून दारातच उभी राहिली. बोलली, "बाय, तुझ्या टीव्हीत माझा मानूस हाय का, बघ ना. तो बोलतो, मी मशीनजवलून हाललोच न्हाय." मी स्क्रीनकडे बघत "न्हाय" बोलले. ती बोलली, "नीट बघ ना. निला शर्ट हाय. खिशाला शाई लागलीय." तो खिसा मी बघितला होता. मी परत न्हाय बोलले. ती "बरं" बोलली आणि गेली.

गुरुवारी आणि शुक्रवारी मी कामावर गेले. आज सकाळी भाकऱ्या करताना आईला सांगितलं. आई बोलली, "हात धू आनि चल."

वही मी दुकानात न विचारता आणली आहे. त्यात लिहिलं आहे, "कचरा, लाइटवाला बसलेला, ७.३१ ते ८.१२". अक्षर माझं आहे. साहेबांनी विचारलं, फाइलच नाही तर वहीवर विश्वास कसा ठेवायचा? मी एवढंच बोलले की ती एक्केचाळीस मिनिटं मी पूर्ण बघितली आहेत, मधे एकदाही उठले नाही.

हवालदारांनी हा जबाब मला आणि आईला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "सखीला विसरल्यामुळे सांगितलं नाही" असं आलं होतं, ते मी खोडायला सांगितलं. मी विसरले नव्हते. बाकी सगळं मी सांगितलं तसंच लिहिलं आहे.