मंगळवारचा धूर

(आषाढातला मंगळवार, सकाळ. मुक्ताबाईच्या अंगणात माजी सरपंच अमरसिंह बाजेवर बसलेत. मुक्ताबाईची लेक अंजली गावच्याच शाळेत इतिहास शिकवते.)

अमरसिंह : मी शिक्षा म्हणतच न्हाई, मुक्तामावशी. गावाचं मन राखायचं, एवढंच. मागच्या मंगळवारी नेम मोडला, म्हणून आज परत मरीआईचा गाडा निघतोय. तुमी टोपलं डोक्यावर घ्यायचं, गाड्याम्होरं वेशीपतूर चालायचं. मिटलं.

मुक्ताबाई : अन् न्हाई घेतलं तर?

अमरसिंह : मग माझ्या हातात न्हाई बघा. गिरणीवाला दळण घ्यायचा न्हाई, डेअरीत दूध घ्यायचे न्हाईत. लोक लई तापलेत. लम्पीनं गोठेच्या गोठे रिकामे झाले.

अंजली : आमचीही गाय मेली, भाऊ. ती कुणाच्या धुरानं मेली?

अमरसिंह : मॅडम, गाडा वेशीबाहेर जाईस्तोवर एकबी चूल पेटवायची न्हाई, असं ठरलं होतं. अख्ख्या गावानं पाळलं. तुमच्या घरातनं तेवढा धूर निघाला.

मुक्ताबाई : आमी कुठं कबूल झालतो? ओली बाळंतीण सून हाय घरात. तान्ह्या लेकराला थंड पाण्यानं धुवू काय? सरपण पावसात भिजल्यालं, म्हणून धूर झाला. वाळल्यालं असतं तर तुमाला कळलंबी नसतं.

अंजली : थांब आई. आमचं घर गावाच्या पार टोकाला. आमचा धूर बघितला कुणी?

अमरसिंह : पोरांनी. पाण्याच्या टाकीवर चढली होती.

अंजली : टाकीवर? कशाला?

अमरसिंह : मलाच इचारता व्हय? तुमचीच इद्या ती! आमची पोरगी संस्कृती जेवताना सांगत होती, मॅडमनी आज लई भारी गोष्ट सांगितली म्हणून. कुठल्या त्या देशातली...

अंजली : स्पेन.

अमरसिंह : हां, स्पेन. पाचशे वर्षांमागची. तिथं म्हणे ज्यू लोकांना धर्म बदलायला लावला, पण ते गुपचूप आपलंच पाळायचे. शनिवारी चूल पेटवायची न्हाई, हा त्यांचा नेम. मग राजाची माणसं उंचावर चढून बघायची, कुणाच्या धुराड्यातनं धूर निघत न्हाई. सापडला की उचलला! आमचा पप्पू म्हणाला, लई सोपंय की, आपणबी बघू.

अंजली : अहो, माणसं कशी छळली ते कळावं म्हणून सांगितलं मी. पुस्तकात नव्हतं. मीच हौसेनं सांगितलं.

अमरसिंह : पोरं ध्यान देऊन ऐकतात. चांगलंच हाय की.

मुक्ताबाई : त्या माणसांचं पुढं काय केलं गं, अंजे?

अंजली : आई, नको ना आता.

मुक्ताबाई : सांग.

अंजली : काहींना चौकात जाळलं. जे धर्म सोडायला तयार नव्हते, त्यांना देशातनं हाकललं. पिढ्यान् पिढ्यांची घरं टाकून गेले.

मुक्ताबाई : अन् ज्यांनी सोडला, त्यांना तरी सुखानं ऱ्हाऊ दिलं?

अंजली : त्यांच्याच तर चुली बघायचे, आई. वाकले त्यांच्यावरच जास्ती नजर.

मुक्ताबाई : हं. सरपंच, एक इचारू? मागल्या मंगळवारी तुमच्याकडं चहा झाला का?

अमरसिंह : झाला असंल. म्हातारीला शुगर हाय, सकाळी पोटात काहीतरी लागतंच. पण चूल न्हाई पेटवली आमी. गॅसवर केला.

मुक्ताबाई : म्हंजी जाळ चालतो तुमच्या देवीला. धूर तेवढा चालत न्हाई.

अमरसिंह : शब्दाला शब्द नको, मावशी. गोडीनं सांगतोय. एकदाच टोपलं घ्या. अर्ध्या तासाचं काम.

मुक्ताबाई : माझ्या सासूनं निम्मा जन्म घेतलं. पटकी आली, टोपलं तिच्या डोक्यावर. ढोरं मेली, टोपलं तिच्या डोक्यावर. गावाची इडापिडा तिनं वेशीबाहेर न्यायची, अन् माघारी आली की गावानं तिच्याच सावलीचा इटाळ मानायचा. छप्पन साली दीक्षा घेतली अन् ते टोपलं तिनं चुलीत घातलं. त्याच जाळावर भाकरी भाजल्या. लई फुगल्या म्हणायची.

अमरसिंह : जुनं कशाला उकरता? तुमचा पोरगा जालिंदर पुण्यात. घरात तुमी बायाच. दिवस कलायच्या आत गाडा निघंल, तवर इचार करा. पोरं माझं ऐकतीलच असं न्हाई.

अंजली : ही धमकी समजायची का?

अमरसिंह : काळजी समजा. येतो.

मुक्ताबाई : गेला का गं?

अंजली : गेला. पण तिकडं टाकीवर बघ. पप्पू आत्ताच चढून बसलाय. आई, माझ्यामुळं झालं हे सगळं. मीच शिकवलं त्यांना.

मुक्ताबाई : रडू नको. लेकरांना तू चांगलंच सांगितलंस. ती कुणाच्या घरात जेवतात, ते काय तुझ्या हातात हाय?

अंजली : पाटोद्याला पोलिसात जाऊ.

मुक्ताबाई : जाऊ की. आधी वहिनीला अन् बाळाला दुपारच्या गाडीत बसव. माहेरी तिची आई सांभाळंल दोघांना. मला भ्या वाटतंय, अंजे. खोटं कशाला बोलू?

अंजली : मग तूही जा त्यांच्यासंगं.

मुक्ताबाई : मी कुठं जाऊ? ऊठ. लेकराची अंघोळ ऱ्हायलीय, चुलीवर पाणी ठेव.

अंजली : अगं, जरा धूर निघाला तरी त्याला दिसंल. थांब, वाळलेलं सरपण बघते.

मुक्ताबाई : न्हाई. ओलंच आण.