मंठ्यात घेतलेली बॅटरी

सांगतो ते ऐकीव आहे, हे आधीच स्पष्ट करतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मंठ्यात माझ्या मोटारसायकलची बॅटरी बदलताना खुद्द दुकानदाराने मला हे सांगितले.

आष्टीकडचा ज्ञानबा त्याच्याकडे आला होता. आईला डायलिसिससाठी मोटारसायकलवरून जालन्याला न्यावे लागे, आणि गाडी वाटेत बंद पडू लागली होती. दुकानदाराने दोन बॅटऱ्या पुढे ठेवल्या.

"स्वस्तातली नका देऊ शेठ. मायला घिऊन जातो मी. भरोशाचीच द्या."

तेवढ्यात, सकाळी त्याच्या गाडीला धक्का देणाऱ्या शेजाऱ्याचा फोन आला. ज्ञानबाने तो स्पीकरवर घेतला.

"ज्ञानबा, गेली रे."

"माहीत हाय न काका, तुम्हीच तर धक्का मारला! नवीच घिऊन राह्यलो."

"बॅटरी न्हाई रे... तुझी माय."

ज्ञानबाने फोन बंद करून खिशात ठेवला. शेवटी दुकानदाराने हळूच विचारले, "मंग... कोणती बसवू?"

"कोणती बी बसवा. घरापस्तोर पोचवलं म्हंजे बास."

दुकानदार म्हणतो, त्याने भरोशाचीच बसवली. तेवढा भाग मला कधीच पडताळता आला नाही.