माघारीची सोय

— हॉस्पिटलातही न्हावी येतो हे आजच कळलं, भाऊ. वस्तरा जरा जपून. उद्या इथूनच, जांघेतून नळी घालून थेट हृदयात नवी झडप बसवणार — आणि त्याआधी हे क्षौर! लग्नातसुद्धा मला कुणी इतकं चकाचक केलं नव्हतं. बरं, झडपा दोन जातीच्या, माहितीय? मी तीन महिने तेच वाचतोय, घरातले माझ्यासमोरून उठून जातात. एक फुग्यानं फुलवायची. घट्ट बसते, पण क्वचित कुणाच्या हृदयाची आतली कडच फाटते. क्वचित म्हणजे — माझं नशीब असेल तर नक्की! दुसरी आपोआप उमलते. तिच्यात कडेनं गळती जरा जास्त, शिवाय ती हृदयाच्या विजेच्या वाटेवर दाब देते, मग पेसमेकर बसवायची पाळीही जास्त जणांवर येते. म्हणजे आगीतून फुफाट्यात! तरी मला हीच आवडली. का? अर्धी उघडल्यावरसुद्धा परत मिटता येते. माघारीची सोय! माणूस तशी झडप.

आणि डॉक्टर काय म्हणाले? "काका, तुम्हाला निवडायचंच नव्हतं. स्कॅन पाहिला तेव्हाच ठरलं — फुग्याची." घ्या! तीन महिने मी उंटावरून शेळ्या हाकत होतो. फुगा फुगला की संपलं, मागे फिरणं नाही. आणि मी? मागच्या खेपेला इथवर येऊन पळालो. खोकला येतोय म्हणालो — साफ खोटं! म्हणून या वेळी बायको माझी पँट न् चपला पिशवीत घालून पडद्याबाहेर बसलीय. एवढ्या वर्षांच्या संसारात कमावलेला हा विश्वास!

हसा, हसा. पण तिचं चुकत नाही हो. मध्यंतरी न्हाणीघरात चक्कर येऊन पडलो, तिनं दार फोडून बाहेर काढलं. तेव्हापासून मी अंघोळीला गेलो की ती दाराशी बसते आणि सारखी विचारते, "साबण आहे का?" साबण समोरच असतो. मी म्हणतो, "आहे." एकदा तोंडावर फेस होता म्हणून गप्प राहिलो, तर रडतच आत आली. मला झडपेची कसली भीती — ती कड फाटली तर मला कळणारसुद्धा नाही. पण तिनं विचारलं आणि उत्तरच गेलं नाही, तर?

छे, काय बोलत बसलो! एक बाजू झाली ना? मग दुसरी राहू द्या. खरंच भाऊ, आज मला जरा खोकला —

ऐकलंत? पडद्याबाहेरून? "साबण आहे का?"

आहे गं! भरपूर आहे!

— तोंड काय बघताय माझं? घ्या दुसरी बाजू.