निळा पडलेला ड्रम

टॅक्सीवाला: फिरवू नका हो उस्ताद, सरळ सांगा. मागच्या चाकांच्या ब्रेकचे, ड्रममधले शू किती चालायला पाहिजेत?

उस्ताद: गाडीला काय विचारतोस, तुझ्या पायाला विचार. बऱ्या माणसाच्या हातात साठ-सत्तर हजार किलोमीटर कुठे जात नाहीत. तुझे विसात जाणार. सिग्नल लाल दिसला तरी तुझा पाय रेसवर, आणि मग ब्रेकवर असा दाबतोस जसं काय झुरळ मारतोयस.

टॅक्सीवाला: बघा ठिणगीताई! गॅरेज तुमच्या हातात दिलं, पण गिऱ्हाइकाची इज्जत काढायचं काम अजून यांच्याकडेच.

ठिणगी: फुकटात काढतायत ना? मग घे काढून. आणि तो जॅक धर नीट, बोलतोस किती.

टॅक्सीवाला: मग काय करायचं उस्ताद, जास्त चालायला?

उस्ताद: उतारावर खालचा गिअर टाक, पाय ठेवून बसू नको. पाण्यातून गाडी काढलीस की दोन-चारदा हलका ब्रेक मार, शू वाळतात. सर्व्हिसिंगला ड्रम उघडायला लाव, सोडू नको. आतली धूळ ओल्या फडक्यानं पुसायची. हवेचा पाईप मारायचा नाही, ती धूळ छातीत जाऊन बसते. ड्रममधला सिलिंडर ओला दिसला तर ब्रेकचं तेल गळतंय, शू संपला समज. आणि शूवरची लायनिंग नखाएवढी पातळ झाली की बदल, रडत बसू नको.

टॅक्सीवाला: वा! तोंडपाठ.

उस्ताद: तोंडपाठ नाही रे. हातपाठ.

टॅक्सीवाला: हा बाकड्यावरचा ड्रम कोणाचा? रंग बघा ह्याचा.

ठिणगी: ए, ते ठेव. ते दुसऱ्या गाडीचं आहे.

उस्ताद: आण इकडे.

ठिणगी: बाबा, राहू दे. तुम्ही वरती जाऊन पडा जरा.

उस्ताद: पडायला काय झालंय मला? आण रे. अरेरे. निळा पडलाय. बघ, ही अशी निळी झाक आली की लोखंड जळलेलं असतं. शू पण दे. हे बघ, काचेसारखा गुळगुळीत झालाय. असला शू कशाला धरणार?

टॅक्सीवाला: शू जुने असतील.

उस्ताद: जुने कसले! कडेचा रंग बघ, नवा कोरा आहे. हे काम एकच माणूस करू शकतो. हँडब्रेक ओढलेला ठेवून गाडी पळवणारा. आणि एकदा नाही, रोज! गाडी रडतेय आणि हा बाबा आपला रेस देतोय.

टॅक्सीवाला: नवशिका असेल एखादा.

उस्ताद: नवशिका घाबरतो, थांबून बघतो तरी. हा झोपेत चालवणारा आहे. असल्या माणसाला टॅक्सीत मागच्या सीटवर बसवावं, आणि तिथेही दोरीनं बांधावं.

टॅक्सीवाला: हाहा! उस्ताद, तुम्ही पण ना—

ठिणगी: पुरे! दात कसले काढताय दोघं? ठेवा तो ड्रम खाली!

उस्ताद: ओरडायला काय झालं तुला? गिऱ्हाइकासमोर?

टॅक्सीवाला: ताई, मी जरा… माझा फोन वाजतोय.

उस्ताद: कुठे वाजला?

टॅक्सीवाला: आवाज बंद आहे त्याचा, उस्ताद. बाहेर जाऊन घेतो. गाडीची घाई नाही मला. अजिबात नाही.

उस्ताद: ह्याला काय चावलं? आणि तू अशी का बघतेस? कोणाचा आहे हा ड्रम?

ठिणगी: तुम्ही आधी तो खाली ठेवा.

उस्ताद: ठिणगे, कोणाचा आहे विचारतोय.

ठिणगी: आपल्या गाडीचा आहे, बाबा.

उस्ताद: आपल्या? माझ्या? काहीतरीच. शू तूच तर घातलेस. तुझ्या पिल्लूची शाळा सुरू झाली तेव्हा.

ठिणगी: हो.

उस्ताद: मग तू टाईट ठेवलेस! तुला लाख वेळा सांगितलं, चाक हातानं मोकळं फिरलं पाहिजे—

ठिणगी: फिरलं होतं. तुम्ही इथे स्टुलावर बसून कान लावून ऐकलंत. 'असंच राहू दे, आता हात लावू नको' म्हणालात.

उस्ताद: मग हँडब्रेकची केबल अडकली असेल.

ठिणगी: केबल काढून बघितली. लोण्यासारखी सरकते.

उस्ताद: मी? मी हँडब्रेक ओढून गाडी चालवेन? चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या— अगं, ओढलेला राहिला असता तर समोर लाल दिवा लागला असता ना! मी काय आंधळा आहे?

ठिणगी: त्या दिव्याचा बल्ब कुठाय, बाबा?

उस्ताद: बल्ब… तो मी काढला. तो दिवाच बिघडला होता.

ठिणगी: काय व्हायचं त्याला?

उस्ताद: सारखा लागून राहायचा.

ठिणगी: कधी लागायचा?

उस्ताद: घरून निघालं की… शाळेपर्यंत…

(बाहेर टॅक्सीवाला खोटाच फोनवर बोलतोय.)

ठिणगी: गाडी ओढत नाही म्हणून तुम्ही माझ्याकडून दोनदा प्लग बदलून घेतलेत. मी पण शहाणी, गुपचूप बदलले. खाली वाकून बघितलं नाही. तुम्ही सांगताय म्हणजे प्लगच असणार.

उस्ताद: तुला कळलं कधी?

ठिणगी: काल. पिल्लू म्हणाला, आजोबांच्या गाडीला जळका वास येतो. आणि आजोबा ब्रेक मारत होते पण गाडी थांबत नव्हती, शाळेच्या फाटकाला जाऊन टेकली.

उस्ताद: ब्रेकचं तेल उकळलं असेल. पेडल पार खाली गेलं होतं. मला वाटलं, माझा पायच गेला.

ठिणगी: मला म्हणालात, फाटक कुणीतरी गाडीवर लोटलं.

उस्ताद: मी असं म्हणालो?

ठिणगी: हो.

उस्ताद: फाटकाच्या आत पोरं उभी असतात, ठिणगे. आपलं पोर मागे बसलेलं असतं.

ठिणगी: कुणाला काही झालेलं नाही. बाबा, माझ्याकडे बघा. कुणाला काही झालेलं नाही.

उस्ताद: म्हणजे तुला हे सकाळपासून मला सांगायचं होतं.

ठिणगी: सकाळपासून नाही, काल रात्रीपासून. कसं सांगू तेच कळेना. मी चिडले असते तर बरं झालं असतं. तुमच्यावर चिडायलाच येत नव्हतं मला.

उस्ताद: किल्ली शर्टाच्या खिशात आहे. तू काढून घे.

ठिणगी: तुम्ही द्या ना, बाबा.

उस्ताद: नको. मी दिली तर उद्या परत मागेन. तू काढून घेतलीस म्हणजे मला राग येईल. राग माझ्या लक्षात राहतो.

ठिणगी: …घेतली.

उस्ताद: हां. पिल्लूला कोण सोडणार आता?

ठिणगी: मी सोडेन. गॅरेज थोडं उशिरा उघडेन. तुम्ही बसा ना त्याच्याशेजारी, मागे.

उस्ताद: मागे.

ठिणगी: गाडीत तुम्ही सांगता ती गोष्ट अर्धी राहिली की त्याला चालत नाही. काल विचारत होता.

उस्ताद: बरं. तो ड्रम खरवडून बसवू नको हं. जळलेलं लोखंड परत भरवशाचं होत नाही. नवीन टाक. दोन्ही बाजूंना.

ठिणगी: आणलेत. शू पण आणलेत. तेल सगळं बदलते.

उस्ताद: दे इकडे शू. एक बाजू मी बसवतो. चालवणार नाही म्हटलं, हात नाही तोडलेत माझे.

ठिणगी: मी कुठे नाही म्हणतेय? हे घ्या. स्टूल घेऊ का?

उस्ताद: जमिनीवर बसतो. स्प्रिंगचा चिमटा दे. आणि तोंडाला फडकं बांध, धूळ आहे.

ठिणगी: बांधलंय.

उस्ताद: हं.

ठिणगी: मी ही बाजू घेते.

उस्ताद: ठिणगे.

ठिणगी: काय, बाबा?

उस्ताद: हा हँडब्रेकची पट्टी असलेला शू… हा पुढे की मागे?

ठिणगी: मागे.

उस्ताद: मागेच. तुला येतं का ते बघत होतो.

ठिणगी: येतं, बाबा. तुम्हीच शिकवलंत.