तिसरा मजला

गोदामामागच्या ओसाड जागेवर पालिकेने घरं बांधली होती. वाटपाच्या रांगेत एका नर्सबाईंच्या पुढे दोन जावा उभ्या होत्या. थोरलीला घर लागलं होतं, धाकटीला नाही. नर्सबाई कागद चाळता चाळता ऐकत होत्या.

“बावीस वर्षं एका खोलीत काढली. सुटलात माझ्या कटकटीतून.”

“सुटले बाई एकदाची!”

“मग सकाळपासून माझा हात का धरून ठेवलाय?”

“गर्दीत हरवशील म्हणून.”

खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, “मावशी, तळमजला देऊ?”

“तिसऱ्यावरून गोदामापलीकडच्या चाळीतली आमची जुनी खोली दिसते का हो?”

“दिसते की.”

“मग तिसराच लिहा.”

“अहो जाऊबाई, गुडघे बघा आपले!”

“ते मी बघेन. पहाटे तुझ्या खिडकीत दिवा लागला, की मी इकडे चहा ठेवीन.”