बापूकाकांची तुरटी

मंडळी, बापूकाकांसाठी आज एवढे सगळे जमलात. पाली बाजारातूनही माणसं आलीत. मला सभेत बोलायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

काका आमचे शेजारी. उमेदीची वर्षं मुंबईकडे कागदाच्या गिरणीत गेली. कागदावर शाई फुटू नये म्हणून तिथे लगद्यात तुरटी घालत, ते काम काकांचं. "दिसते खडीसाखरेसारखी, पण चव आंबट-तुरट. कापडाचा रंग धरून ठेवते, गढूळ पाणी निवळवते," असं सांगायचे. आम्ही ऐकायचो आणि विसरायचो.

मग एका पावसाळ्यात दरड ओढ्यात आली. ओढ्यावर भरणाऱ्या आपल्या टाकीचं पाणी लाल झालं. रस्ता बंद, टँकर येईना. माझी लेक शैला नुकती बाळंत झालेली. तिला कुठलं पाणी द्यायचं?

पंचायतीत तुरटीची गोण पडून होती. काकांनी टाकीत तुरटी घातली. काही झालं नाही. पाणी लालच, वर आंबट. लोक बोलले. "बापू, आमच्यावर प्रयोग नको," असंही बोलले.

काका रागावले नाहीत. टाकी रिकामी करायला लावली आणि ओढ्याच्या पाण्याचं एक पिंप भरून घेऊन बसले. म्हणाले, "आपलं पाणी फार मऊ, त्यात क्षार कमी. नुसत्या तुरटीने भागायचं नाही, थोडा चुना लागेल." चुना घातला, तुरटी घातली, काठीने हळूहळू ढवळत राहिले. हळूहळू पाण्यात कापसासारखे पुंजके दिसायला लागले. मातीला घेऊन ते तळाशी बसले. वर नितळ पाणी.

मी रडले हो तेव्हा. काका म्हणाले, "रडू नको गो. माती गेली, जंतू नाही गेले. उकळूनच दे तिला."

उकळून दिलं. शैला बरी राहिली, बाळही बरं राहिलं. मग टाकी पुन्हा भरून तिचं पाणीही काकांनी तसंच निवळवलं. वाडीत कुणी आजारी पडलं नाही.

आता एकच सांगते. अलीकडे काकांना श्वास पुरत नव्हता. आडवं होता येत नव्हतं, बसूनच झोपायचे. परवा दुपारी पेज प्याले, उशीला टेकले आणि झोपेतच गेले. सुमनकाकू मला आत हळूच म्हणाल्या, "सुटले गो ते. मला बरं वाटलं. पाप का गो हे?"

काकू, नाही. मलाही बरं वाटलं. भिंतीपलीकडून त्यांची धाप मी रोज ऐकत होते. दुःख आहेच, पण जीव हलका झालाय. तुम्हीही तो हलका होऊ द्या.

उठूया सगळे? थोडा वेळ कुणी काही बोलू नका. काकू, माझा हात धरा.